मोतीरामांचा आकडा

"वाळूचे साचे फोडायच्या खात्यात धूळ कमीच होती, असं दिसतंय," संजना फाइलवरून बोट फिरवत म्हणाली.

"कमी?" हसता हसता गोटीरामकाकांना ढास लागली. "मग ह्यो खोकला काय मी रविवार कारंज्यावरून इकत आणला, मॅडम?"

छायाने त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. चार महिन्यांपूर्वी तिचे वडील, अप्पा, गेले, तेव्हापासून या घरात कुणी हसलं नव्हतं. खरं तर कुणी बोललंही नव्हतं; ती एकटीच होती.

सातपूरच्या ओतकाम कारखान्यातली धूळ आणि तिथल्या कामगारांची फुप्फुसं यांचा संजना अभ्यास करत होती. आठ वर्षांपूर्वी प्रत्येक खात्यातल्या एका माणसाच्या छातीवर धूळ मोजायचं यंत्र लावलं होतं. त्याचा आकडा खात्यातल्या सगळ्यांच्या नावापुढे लागला. साचे फोडायच्या खात्यातला तो माणूस म्हणजे मोतीराम, छायाचे अप्पा. गोटीरामकाका त्यांचे तिथलेच सोबती.

"आकडाच चुकला असेल तर?" छायाने विचारलं.

"दुसऱ्या कारखान्यातल्या याच कामाच्या मोजण्या घेऊन दुरुस्त करता येतो, ताई. पण कारण लागतं. नुसत्या संशयावर नाही खोडता येत."

कारण छायाला ठाऊक होतं. एवढं महागाचं यंत्र धुळीने खराब होऊ नये, म्हणून अप्पांनी ते पाळीभर रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवलं होतं. परत घेताना साहेब म्हणाले होते, 'सगळ्यात स्वच्छ तुझंच, मोतीराम.' एकतीस वर्षांच्या नोकरीतली ती एकच शाबासकी. शेवटच्या आजारात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून अप्पांनी ती नर्सलाही ऐकवली होती.

आता सांगितलं तर अप्पा अडाणी ठरणार, तेही त्यांच्या सोबत्यासमोर.

काकांची ढास थांबत नव्हती.

छायाने सगळं सांगितलं. शाबासकीसुद्धा.

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "दुसऱ्याची वस्तू लय जपायचा," ते म्हणाले. "सोताच्या नाकाला मात्र कधी फडकं नाय बांधलं गड्यानं."

"असंच लिहू?" संजनाने हळूच विचारलं.

"रुमालाचं लिहा. का गुंडाळलं, तेही लिहा," छाया म्हणाली.

संजनाने मोतीरामांच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला दोन ओळी लिहिल्या. मग खालच्या दहा जणांच्या आकड्यांवरून तशीच रेघ ओढत गेली. गोटीरामकाकांच्याही.

छायाने पान वाचायला घेतलं. अकरा नावं होती. शेरा एकट्या मोतीरामांच्या नावापुढे होता: 'यंत्र धुळीने खराब होऊ नये, म्हणून पाळीभर रुमालात जपून ठेवलं.'