स्पंजाखाली दबलेला सूर

मी अगदी सुरुवातीच्या काळातली, विजेवर वाजणारी बेस गिटार बोलतेय. आत्ता दुरुस्तीच्या टेबलावर उताणी पडलेय आणि जिवाला चैन नाही. दुरुस्तीवाल्याने माझ्या तारांखाली नवा स्पंज दाबलाय, वर चकचकीत झाकण लावलंय. दोन्ही राहणार की जाणार, हे आज ठरायचंय.

पूर्वी वादक खर्जाचे सूर देणारा, माणसापेक्षा उंच, पोकळ बेस पाठीवर घेऊन हिंडायचे आणि इतर वाद्यांच्या गोंगाटात तो कुणाला धड ऐकूही जायचा नाही. म्हणून मला घडवणाऱ्याने मला भरीव लाकडाची, सुटसुटीत केली. मानेवर पट्ट्या ठोकल्या, म्हणजे बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर चुकू नये. अंगाचं वरचं, शिंगासारखं टोक लांब ठेवलं, नाहीतर गळ्यात अडकवल्यावर माझं डोकं खाली झुकायचं. एवढं सगळं नवं केलं आणि शेवटी कच खाल्ली.

"आवाज जुन्यासारखा धप्पच यायला हवा," तो बायकोला म्हणाला. "नाहीतर हिला कोण बेस म्हणेल?"

"मग एवढा खटाटोप कशाला केलास?" ती म्हणाली.

त्याने माझ्या तारांखाली स्पंज दाबला आणि वर झाकण बसवलं. माझा सूर उमटला की लगेच विझायचा. मला त्या स्पंजाचा राग यायचा, अजूनही येतो.

पुढे मी एका वादकाकडे गेले. झाकण हाताला आडवं येतं म्हणून त्याने ते वैतागून उपटलं, स्पंजही फेकला. माझा सूर लांबच लांब गेला. तो दचकला, मग हसला. झाकणाचा त्याने ॲशट्रे केला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढे तो वारला. त्याच्या मुलीने मला इथे दुरुस्तीला आणलं. आज ती आली आणि तिने एक तार छेडली. धप्प. ती कान देऊन थांबून राहिली.

"काका, सुराचं पुढचं कुठे गेलं?"

"ताई, पुढचं काही नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच होती. हाच खरा आवाज."

"असेल. पण बाबा वाजवायचे तेव्हा भिंतीपलीकडे मला पुढचं ऐकू यायचं. त्यावरच मी झोपायचे."

स्क्रू-ड्रायव्हर दुरुस्तीवाल्याच्या हातात आहे, पण हात हलत नाही. काका, घडवणाऱ्याचा मान तुम्ही राखलात. आता हे झाकण नि स्पंज काढा, ती अजून कान देऊन थांबली आहे.