हॉलिसची झोप आणि माझी घरघर

मी एक जुना ट्रक आहे, आणि खरं सांगायचं तर पुरता गोंधळलो आहे. मित्रांनो, ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर शाबासकी मिळाली, तिच्यासाठीच एके दिवशी दम मिळाला तर काय समजायचं?

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून मी हॉलिसचा. माझ्या केबिनमध्ये, सीटच्या मागे, त्याचा बिछाना आहे. तो रात्री मला चालवतो आणि दिवसा तिथे झोपतो. कॅलिफोर्नियाचं ऊन माझा पत्रा तापवायचं, तेव्हा मी उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवून त्याला गार वारा द्यायचो. "माझा गडी दमत म्हणून नाही!" असं तो चारचौघांत सांगायचा. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग नियम आला. उभ्या ट्रकचं इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही. एका तपासनीस बाईंनी दार ठोठावलं.

"दादा, बंद करा ते. मागे शाळा आहे. पोरांच्या नाकातोंडात धूर जातोय."

धूर मीच सोडत होतो, पण तो पुढे कुठे जातो याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मी ओशाळलो.

हॉलिसने बॅटरीवर चालणारा एसी बसवला. केबिन पूर्वीपेक्षाही गार राहू लागली. तरी त्याची झोप उडाली ती उडालीच. त्याने गादी बदलली, पडदे बदलले, कॉफी सोडली. काही लागू पडेना. एका पहाटे स्टिअरिंगवरच त्याचा डोळा लागला आणि मी रस्ता सोडून खडीत उतरलो. खडखडाटाने तो जागा झाला म्हणून दोघे वाचलो.

त्याची बायको नदीन हे ऐकून भडकली. ट्रक चालवायचा परवाना तिच्याकडेही होता.

"आता मी बरोबर येते. तरीही झोपला नाहीस, तर हे धूड विकायचं!"

"आणि घरी बसून मी काय करू? तुझं डोकं खाऊ?"

"ते तू फोनवरूनही खातोस."

तिने मला चालवायला घेतलं, तसा हॉलिस मागे घोरू लागला. पंपावर तिने किल्ली फिरवली आणि मी थांबलो. हॉलिस ताडकन उठून बसला.

"काय झालं? बंद का पडला?"

"मी बंद केला, बाबा." नदीन त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, तुला गादी नकोय. तुला या म्हाताऱ्याची घरघर हवीय!"

पुढच्या वाटेत हॉलिस चालवत असताना तिने बिछान्यावर बसून माझा आवाज फोनमध्ये भरून घेतला. दुपारी आम्ही सावली शोधून थांबलो. माझं इंजिन गार पडलं होतं, आणि आतून माझीच घरघर ऐकू येऊ लागली. मी दचकलो. मी चालू आहे की बंद? अजून मला नीट कळलेलं नाही. पण थोड्याच वेळात हॉलिसचं घोरणं त्या आवाजात मिसळलं, आणि मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, उभी गाडी बंदच ठेवा. तुमच्याही मागे एखादी शाळा असेल. फक्त एखाद्या म्हाताऱ्याला गप्प बसवाल, तेव्हा त्याच्या आवाजावर कोण झोपत होतं, तेवढं विचारून घ्या.