आबांच्या पेटीचा सप्लाय

रविवारी दुपारी गौतमी निमोण्याला आली ती एक वाक्य मनात घोळवतच. आई गेल्यापासून तिचे वडील चांगदेव आबा गावात एकटे होते. "आबा, तुम्ही एकटे पडलात, दौंडला माझ्याकडं राहायला चला," एवढंच म्हणायचं होतं. दौंडच्या कॉलेजात शिकवताना ती तास तास बोलायची, पण हे वाक्य मात्र दोन वर्षं तिच्यासोबत एसटीत बसायचं आणि वाटेत न्हावऱ्यालाच उतरून जायचं.

आबा ओसरीत पेटीपुढं बसले होते. रांजणगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला जन्म गेला आणि रिटायर झाल्यावरही हातातला टेस्टर सुटला नाही. पेटी माणूस मावेल एवढी होती, कारण ती माणसासाठीच होती. गौतमीची आई ऐन मे महिन्यात गेली. तेव्हा शिरूरहून आणलेला बर्फ वितळून पाणी शेजारच्या रूपालीच्या उंबऱ्याला लागलं होतं. आपल्या वस्तीत पुन्हा माणूस बर्फावर ठेवायचा नाही, हे आबांनी त्याच दिवशी ठरवलं. मग थर्माकोल आला, ॲल्युमिनियमचा पत्रा आला आणि पेल्टियरच्या चकत्या आल्या. चकती बिस्किटाएवढी. वीज दिली की तिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. वायरी उलट्या जोडल्या तर गारव्याची बाजू तापते.

"समदं झालंय," आबा म्हणाले. "पॉवर सप्लाय तेवढा ठरंना. बारा व्होल्ट कुठंबी मिळत्यात. अँपिअर पायजेत. चार चकत्या, एकेकीला सहा. तीस अँपिअरचा घ्यावा का चाळीसचा?"

"तीसचा पुरेल की."

"पुरंल. पण कायम काठावर पळवायचा व्हय त्याला? सप्लायला दम खायला जागा पायजे."

मग पंख्यांचा विषय निघाला, मग वायरच्या जाडीचा. आबा बोलत राहिले, ती मान हलवत राहिली आणि परतीची गाडी आली.

सोमवारी सकाळी रूपाली चहा घेऊन गेली, तर आबा पेटीला टेकून बसले होते. टेस्टर हातात होता. आबा नव्हते.

गौतमीचा भाऊ सम्राट गुवाहाटीला नोकरीला. तो दुसऱ्या दिवशी पोचणार, तोवर आबांना ठेवणं भाग होतं. निरोप मिळताच परतलेल्या गौतमीनं भाड्याची शीतपेटी मागवायला फोन काढला, तर जयंती मंडळाचे अध्यक्ष हौशीराम मामा आडवे आले.

"भाड्याची पेटी? आबाची सोताची पेटी घरात असताना? आबाला काय वाटंल?"

"मामा, आबांना आता..." गौतमीनं वाक्य सोडून दिलं. "त्या पेटीला सप्लायच नाही."

"मंग ठरवू की. माणसं जमल्यातच."

माणसं दुःखाला जमली होती, ती उठून पुन्हा बैठकीला बसली. मंडळात ठरावाशिवाय पान हलत नसे.

"माझं वेल्डिंग मशीन घ्या," दत्ता म्हणाला. "दोनशे अँपिअर!"

"आबाला गार करायचंय, जोडायचं न्हाई," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यातून एसी येतो, चकतीला डीसी लागतो," गौतमी म्हणाली.

"ट्रॅक्टरची बॅटरी?"

"ती दुपारपर्यंत उतरेल. मग चार्जिंगला रात्रभर ट्रॅक्टर ओसरीत चालू ठेवणार का?"

बायकांतून ताईबाई आत्या डोळे पुसत म्हणाली, "आमच्या नातवाच्या लॅपटापचा चार्जर हाय बघा."

"आत्या, त्याला पाच अँपिअरसुद्धा नाहीत."

"मॅडम, तुमी शांत बसा बरं," हौशीराम मामा समजुतीनं म्हणाले. "तुमी दुःखात हाय."

शेवटी डीजेवाल्या नवनाथला जयंतीच्या कमानीचा सप्लाय आठवला. बारा व्होल्ट, चाळीस अँपिअर. समाजमंदिरात वर्षभर पडूनच होता. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. नवनाथनं सप्लाय आणला, निळीला निळी वायर जोडली, लालला लाल. थेट घरच्या विजेवरचे पंखे फिरले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि भान येऊन त्याच हातांनी नमस्कार केला. मेणबत्ती लागली, वंदना सुरू झाली.

तासाभरानं आत्या पाया पडायला वाकली आणि किंचाळली.

"गरम! दादाचं पाय गरम हायती!"

वंदना मध्येच थांबली. कोणी डॉक्टरला पुन्हा आणायला पळालं. सम्राटला फोन करून येऊ नको म्हणावं का, यावर लगेच दोन मतं पडली. सकाळचा राहिलाय म्हणून रूपालीनं आबांसाठी चहा टाकला.

गौतमी पेटीशेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनं जोड पाहिला. कारखान्यात निळी वायर मायनसची. आबा हयातभर तसंच जोडत आले. मंडळात मात्र निळी प्लसची. निळा आपला रंग, त्याला मायनस कोण म्हणणार, म्हणून पहिल्याच जयंतीला तसा ठराव झाला होता आणि कमान आजवर त्या ठरावावर उजळत होती. नवनाथनं रंगाला रंग जोडला होता आणि पेटी तासभर आबांना शेकत होती.

"दादा, ऊठ की," आत्या म्हणत होती. "बघ तरी, कोण कोण आलंय."

"मॅडम, तुमी बोला," हौशीराम मामा हात जोडून म्हणाले. "लेकीचं ऐकत्याल ते."

गौतमीनं बटण बंद केलं. पंखे थांबले. आता सांगायला हवं होतं, आणि ती सांगणारच होती. पण तिचा हात आबांच्या पावलावर गेला. थंडीत उन्हाला बसून आल्यावर पाय लागतात तसं ते ऊबदार होतं. रविवारचं वाक्य तोंडाशी आलं आणि तिला ते खोटं वाटलं. एकटे पडलेल्या माणसाच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अँपिअरवर भांडून भांडून साऱ्यांचे घसे बसले होते.

"आबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "मला दौंडला एकटीला करमत नाही."