मी गाळलेल्या ओळी

मला धीर नाही, हे मला कुणी सांगायला नको. धाकटा भाऊ रोज सांगतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. शिंप्याच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत तो मसाज करतो, लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि माना मोकळ्या करतो. बाहेरच्या टेबलावर मी. लोकांना वेळा देणं, पैसे घेणं, मेल बघणं, सगळं माझ्याकडे.

त्या दिवशी पाच वाजता नव्या जागेचा मालक अनामत घ्यायला येणार होता. भिंतीपलीकडे शिलाई मशीन खडखडणार नाही अशी, धाकट्याच्या हक्काची खोली. त्यासाठी तीन वर्षं साठवलेलं सगळं, ज्या ऑनलाइन खात्यात आम्ही पैसे घेतो, त्यातच होतं. आणि साडेतीनला मेल आला: खात्यात संशयास्पद व्यवहार आढळला आहे, एका तासात ओळख पटवा, अन्यथा खातं कायमचं बंद.

मेलमध्ये वर खातं चालवणाऱ्या कंपनीचं निळं चिन्ह, खाली बटण. दाबलं. पान उघडलं, पासवर्ड टाकला. मग पान म्हणालं, मोबाइलवर आलेला कोड टाका, आणि कोपऱ्यात सेकंद पळायला लागले. कोड जाणार धाकट्याच्या फोनवर, आणि फोन दाराआड, त्याच्या खिशात.

मसाज चालू असताना दार वाजवायचं नाही, हा त्याचा एकुलता एक नियम. मी उठले, बसले, पुन्हा उठले. पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. शेवटी नियम गेला खड्ड्यात, म्हणत दार ढकललं.

आत एक बसचालक पालथे पडले होते. "आत्ता कुठं पाठ सुटत होती, मॅडम," ते उशीत पुटपुटले.

"तुझ्या फोनवर कोड आलाय," मी धाकट्याला म्हणाले. "आकडे सांग पटकन."

"कसला कोड?"

"अरे, खातं बंद होतंय! नंतर सांगते सगळं."

त्यानं टॉवेलनं हात पुसले. सावकाश, एकेक बोट. फोन हिसकावून घ्यावा असं वाटत होतं मला.

"मेलमध्ये काय आहे, ताई?"

"वाचला मी. कंपनीचा आहे. ओळख पटवायचीय, बाकी नेहमीचंच."

'नेहमीचंच' ऐकून तो हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. मेल त्याच्या फोनवरही येतात, आणि त्याचा फोन ते वाचून दाखवतो, तेही इतक्या भरभर की दुसऱ्याला नुसती कुजबुज ऐकू येते. "तुझ्यासाठी हळू करतो," तो म्हणाला.

फोननं कंपनीचं नाव घेतलं. मग न थांबता पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायला लागला: अक्षरं, आकडे, पुन्हा आकडे, शेवटी कुठली तरी भलतीच साइट. कंपनीचा त्यात मागमूस नाही. त्यानंतर, 'प्रिय ग्राहक'.

"कंपनी मला नावानं लिहिते," धाकटा म्हणाला. "आता कोडचा मेसेज ऐक."

'खात्यातली संपूर्ण रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवण्यासाठी हा कोड आहे. ही मागणी तुम्ही केली नसेल तर कोड कुणालाही देऊ नका.'

"मी पासवर्ड दिलाय रे त्यांना."

"मग ते पान आधी बंद कर. मेलमधून कुठंच जायचं नाही." त्यानं आपल्या फोनवरचं कंपनीचं ॲप उघडलं. तिथं खातं बंद करण्याचा शब्दही नव्हता. त्यानं पासवर्ड बदलला, ॲपमधल्या नंबरवर फोन करून घडलेलं सांगितलं. पैसे जागच्या जागी होते. बसचालक कोपरावर उठून सगळं ऐकत होते. "वाचलात," म्हणाले आणि पुन्हा पालथे झाले.

मी बाहेर येऊन बसले. चार वर्षांपूर्वी त्यानं हा बोलका फोन घेतला, तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. मी मेले का, म्हणून भांडले होते. तोवर त्याची शाळेची पत्रं, बँकेचे कागद, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं मीच वाचायचे.

बसचालक गेल्यावर विचारलंच. "फोन का घेतलास तू?"

"'बाकी नेहमीचंच' म्हणून तू ओळी गाळायचीस," तो म्हणाला. "आवाजावरून कळायचं मला. कंटाळलेली असायचीस, म्हणून बोललो नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला मालक आले, सोबत करारनामा. हातानं लिहिलेला, दहा पानांचा. हस्ताक्षर आलं की धाकट्याचा फोन अडखळतो. त्यानं कागद चाचपले आणि माझ्यापुढं सरकवले. "ताई, वाच."

मी अगदी वरून सुरुवात केली. तारीख, दोन्ही नावं, पूर्ण पत्ता, समासात मारलेली खूणसुद्धा. मालकांनी दोनदा घड्याळ बघितलं. "अहो, मुद्द्याचं तेवढं वाचा ना."

"बसा हो," मी म्हणाले. "अजून पहिलंच पान चाललंय."