बदल न करण्याच्या अटीवर

पुण्यातल्या काही मंडळींनी इंटरनेटवर मराठी कोश काढला आणि स्वयंसेवक हवेत म्हणून एका साप्ताहिकात निवेदन दिलं, तेव्हा बनारसहून हात वर करणारी मी एकटीच निघाले. नव्याण्णव साल. गोदौलियाच्या चौकात गुप्ताजींनी साड्यांच्या दुकानाचा मागचा भाग रिकामा करून तिथे कॉम्प्युटर बसवले होते. नोंदी मी कागदावर लिहून टपालानं धाडायची, आणि त्यांवरची भांडणं गुप्ताजींकडे बसून, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत करायची. भांडायला पलीकडे निवेदिता. कोशाची संपादक, माझ्या निम्म्या वयाची आणि दुप्पट धीराची.

पहिली नोंद मी आमच्या अंबिकाआत्यावर लिहिली. मुन्शी घाटाच्या वर आमचं घर, त्याच्या ओसरीत ती मराठी मुलींचा वर्ग घ्यायची. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि लिहिता एकही येत नाही, अशा मुलींना तिनं लिहितं केलं. मी त्यांतलीच, दुसरी शाळा मी पाहिली नाही. पुढे तिथेच मुलींना कित्ते घालून द्यायला लागले. नोंदीखाली संदर्भ द्यायचा असतो असं कळलं, म्हणून लिहिलं, ‘संदर्भ: अंबिकाआत्या, स्वतः.’

निवेदितानं विचारलं, “इंदूताई, आत्या हयात आहेत?”

“नाही.”

“मग वाचकानं पडताळायचं कसं?”

“हयात असती तरी तिनं कुणाला पडताळू दिलं नसतं.”

“ताई, छापील काही आहे का? कुणी त्यांच्यावर लिहिलंय?”

होतं. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एका जुन्या स्मरणिकेत शरद मुळ्येचा लेख होता. शरद बडोद्याचा, इथे विद्यापीठात शिकायला आलेला. आत्याच्या वर्गावर लिहायचं म्हणून आला आणि लेख छापून झाल्यावरही येत राहिला. मग बडोद्यालाच नोकरी लागून गेला. त्यानं काही विचारलं नाही. विचारलं नाही, तर उत्तर कशाचं द्यायचं?

त्या लेखातला एक परिच्छेद मी जसाच्या तसा उतरवून पाठवला. शेवटी वाक्य होतं: ‘खिडकीशी बसलेली एक मुलगी कित्ता घालण्याआधी प्रत्येक शब्द ओठांवर ठेवून पाहायची, आमटीचं मीठ पाहावं तसा.’ लेखकाचं नाव मी घातलं नाही. आमच्या घरात वडील वेद शिकवायचे. त्यांचा दंडक एकच: ऐकलंस तसं म्हण, स्वर इकडचा तिकडे केलास तर पाप. उतरवलेल्या मजकुरात एक काना चुकवला नव्हता मी. शाबासकीची वाट पाहत होते.

“ताई, ही तर चोरी झाली.”

गुप्ताजींच्या दुकानात, चारचौघांत, मला घाम फुटला.

“एक अक्षर बदललं नाही गं मी!”

“तेच तर! मजकूर मुळ्यांचा आहे, हक्क त्यांचा आहे. दोन वाटा आहेत. एक, माहिती घ्या, तुमच्या शब्दांत लिहा आणि खाली त्यांच्या लेखाचा संदर्भ द्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरी, हाच मजकूर हवा तर त्यांची लेखी परवानगी आणा. पण पहिली वाट सोपी.”

पहिली वाट मला लगेच समजली. समजली नाही असं मी कळवलं.

“लेखी परवानगीच आणते,” मी लिहिलं. “नियम म्हणजे नियम.”

“अहो, लागतच नाहीये!”

तेवढ्यात बत्ती गेली. बनारसची वीज कधी कधी माणसाच्या मनातलं ओळखते.

निवेदितानं पुढे परवानगीचा नमुना धाडला. इतक्या वर्षांनी शरदला चिठ्ठी लिहिण्याचं काहीतरी सभ्य कारण मिळालं, तर तिचा मजकूर असा: ‘मी खाली सही करणार या लेखनाचा हक्कधारक असून ते कोशात वापरण्यास, प्रसिद्ध करण्यास आणि त्यात कोणीही फेरफार करण्यास माझी हरकत नाही.’ त्याखाली मी ‘कसा आहेस?’ लिहिलं. मग ते ‘कसे आहात?’ केलं. मग कागदच बदलला आणि फक्त नमुना पाठवला, स्मरणिकेत लेखाखाली छापलेल्या त्याच्या बडोद्याच्या घरच्या पत्त्यावर.

घाटाकडे जाताना रोज पोस्टमन भेटायचा. “कुछ नहीं, दीदी,” तो आधीच सांगायचा, म्हणजे माझ्या तोंडावर काहीतरी दिसत असणार. वयाला न शोभणारं होतं ते. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, आणि लिफाफ्याची वाट पाहणं काही गेलं नाही.

शेवटी आला. आत माझाच कागद होता, शरदची सही केलेला. वापरण्यास हरकत नाही. प्रसिद्ध करण्यास हरकत नाही. ‘त्यात कोणीही फेरफार करण्यास’ हे शब्द मात्र त्यानं एका सरळ रेषेत खोडले होते आणि बाजूला लिहिलं होतं, ‘ही एवढी हरकत आहे. खिडकीचं वाक्य कुणी बदलू नये.’

एवढंच. मी तो कागद देवघरापाशी उभी राहून वाचला, मग बसून वाचला.

निवेदिताला कळवलं, परवानगी आली, एका अटीवर. तिचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते मऊ होतं.

“ताई, खूप वाईट वाटतंय. पण कोशातलं काहीही कुणालाही सुधारता आलं पाहिजे. बदलायचं नाही असा मजकूर आम्हाला घेता येत नाही. वाक्य बदलू द्याल का, असं पुन्हा विचाराल त्यांना?”

“नाही विचारणार,” मी लिहिलं. “त्यांचं बरोबर आहे.”

मग मी माझ्या शब्दांत लिहायला बसले. आत्याची ओसरी सोपी गेली, पाट्या सोप्या गेल्या. खिडकीपाशी अडले. त्या मुलीबद्दल माझ्या शब्दांत लिहायचं तर ‘मी’ म्हणावं लागणार, आणि कोशात ‘मी’ चालत नाही, एवढं एव्हाना शिकले होते. तिला नोंदीबाहेर ठेवलं. ती शरदच्या लेखातच बरी. तिथे तिला कोणी हात लावणार नाही.

नोंद इंटरनेटवर चढली त्या दिवशी गुप्ताजींच्या पडद्यावर आधी नुसते चौकोन दिसले. त्यांनी कुठूनसा फाँट उतरवला, तेव्हा आत्या दिसली. तळाशी बारीक अक्षरांत: ‘संदर्भ: शरद मुळ्ये. नोंदलेखन: इंदू धुपकर.’ ओळीखाली ओळ.

गुप्ताजींनी चष्मा सारखा केला. “ई शरदजी कौन हैं, दीदी?”

“लेखक हैं,” मी म्हटलं. “बडौदा में रहते हैं.”

“आपके जान-पहचान के?”

“हाँ,” मी म्हटलं, आणि मग मला तेवढ्यावर थांबवेना. “एक ज़माने में रोज़ आते थे.”

ते माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बत्ती है अभी. आराम से देखिए.”