खोलीच्या जागी दोन गाड्या

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडलेत तरी मला राग येणार नाही. मी एक जुने मॉडेल आहे. खेळाचे मैदान, धावपट्टी, सभागृह, पाण्याची टाकी असे सगळे क्रीडा संकुल टेबलावर मावेल एवढे छोटे करून दाखवतात ना, तेच मी. नाशिकला गंगापूर रोडवर एका कंपनीचे ऑफिस आहे. गावोगावी मैदाने, व्यायामशाळा, सभागृहे आखायची आणि ठेकेदारांकडून उभी करून घ्यायची, हा तिचा धंदा. त्या ऑफिसात संडासाशेजारच्या बोळात, फिनेलच्या डब्यांवर मी सध्या पडून आहे. माझ्या धावपट्टीवर रोज कुणीतरी ओले फडके वाळत घालते. त्याच्या कुबट वासाने जीव नकोसा होतो. पण खरे सांगू? चांगल्या दिवसांत माझ्याखाली अंथरलेला पांढराशुभ्र टेबलक्लॉथ आणि मला घातलेले झेंडूचे हार आठवले की मला याहून जास्त मळमळते. ते का, हेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

पंचवटीतल्या एका अंधाऱ्या गाळ्यात भिकन नावाच्या कारागिराने मला घडवले. सनबोर्डच्या भिंती, अ‍ॅक्रिलिकचे छप्पर, हिरव्या रंगात बुडवलेला भुसा म्हणजे गवत, स्पंजचे तुकडे म्हणजे झाडे. भिकनला स्वतःच्या कामाचा भारी गर्व. एकेक झाड चिकटवून झाले की मागे सरून मान तिरकी करून बघायचा आणि स्वतःलाच "वा रे पठ्ठ्या" म्हणायचा. मैदानाच्या कडेला त्याने एक निळ्या छपराची खोली बसवली. ती मुलींसाठी होती, कपडे बदलायला. तिला लागूनच मोरी आणि शौचालय. तिचे दार तर त्याने काडीच्या टोकाने रंगवले होते. मला घडवणाऱ्यांत फक्त त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही.

मला तयार केले होते ते दिंडोरीकडच्या हिवरगव्हाण गावासाठी. कंपनीचे मालक धनराज सर आणि त्यांचा इंजिनीअर हर्षल मला घेऊन गावच्या सभेला गेले. शाळेच्या व्हरांड्यात मला मांडले. माणसे वाकून वाकून बघत होती. कुणी माझ्या जलतरण तलावावर पेढ्यांचा खोका ठेवला. एका पुढाऱ्याने पेढा खाऊन झाल्यावर तुपकट बोटे माझ्या झाडांना पुसली. तरी तेव्हा मी आनंदात होते, कारण मला वाटत होते की मी जसे आहे तसेच इथे उभे राहणार आहे.

सगळे पुरुष बघून झाल्यावर एक बाई पुढे आल्या. द्राक्षांच्या पॅकिंगला जाणाऱ्या सुमनबाई. त्यांची मुलगी सृष्टी नववीत होती आणि खो-खोत अशी पळायची की वरच्या वर्गातल्या मुलीही तिच्या हाती सापडायच्या. पण त्या गावात एक रीत होती. खेळाच्या कपड्यांत मुलींनी गावातून चालत जायचे नाही. शाळा असेपर्यंत मॅडम आपली खोली उघडून द्यायच्या, शाळा सुटली की तिला कुलूप. म्हणून मुली वयात आल्या की एकेक करून खेळ सोडायच्या. सृष्टीच्या काकांनीही घरात सांगून टाकले होते की नववी झाली की खेळ बंद.

सुमनबाईंनी त्या निळ्या छपरावर बोट ठेवले.

"साहेब, ही खोली कशाची हाय?"

"ही मुलींची, मावशी," हर्षल म्हणाला. "कपडे बदलायला. मागे बाथरूम पण आहे."

"आतून कडी?"

"आतून कडी, बाहेरून कुलूप. किल्ली मुलींकडेच."

सुमनबाई मागे उभ्या असलेल्या सृष्टीला म्हणाल्या, "झालं मंग. तू खेळ. तुझ्या काकाला मी बघते."

सृष्टी इतकी हसली की तिला तोंडावर ओढणी धरावी लागली. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेली खरी शाबासकी ती एवढीच.

त्यानंतर माझी वरात सुरू झाली. एका गावासाठी केलेले मॉडेल धनराज सर दहा गावांना दाखवायचे. "सगळ्यांना सारखंच पाहिजे असतं," असे ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आज इथे भाषण, उद्या तिथे हार. प्रत्येक गावाला वाटायचे, हे आपलेच. मला या खोटेपणाचा वीट आला होता, पण मॉडेलला तोंड असते कुठे?

येवल्याहून परत येताना टेम्पोवाल्याने परतीचे भाडे म्हणून कांद्याच्या गोण्या भरल्या आणि मला त्यांच्यामध्ये कोंबले. एका गतिरोधकावर टेम्पो उडाला, एक गोणी कलंडली आणि माझी निळी खोली मुळापासून उखडून पडली. कुठल्या तरी गोणीच्या खाली ती गेली आणि कांद्याबरोबर उतरून कुठे गेली कोण जाणे. माझ्या तलावात कांद्याची साले आणि खोलीच्या जागी वाळलेल्या गोंदाचा पिवळा डाग, अशा अवस्थेत मी ऑफिसात पोचले.

दुसऱ्याच दिवशी मला देवळाली कॅम्पला एका कार्यक्रमात मांडायचे होते. हर्षलने साले उडवली आणि तो डाग बघून तोंड वाकडे केले.

"शी! किती घाण दिसतंय हे."

तिथे काय होते, हे त्याने आठवूनही पाहिले नाही. टेबलाच्या खणात दोन खेळण्यातल्या मोटारी होत्या, त्या त्याने डागावर चिकटवल्या. धनराज सर आले, लांबून बघून खूश झाले.

"व्हीआयपी पार्किंग! वा हर्षल. पाहुण्यांची सोय पाहिजेच."

मित्रांनो, त्या दोन मोटारी माझ्या अंगावर बसल्या आणि मला शिसारी आली. अंगाला गोचीड चिकटावी तसे वाटले. पण पुढे काय होणार आहे, ते मला तेव्हा कळले नव्हते.

या कंपनीची एक पद्धत आहे. पक्का नकाशा काढताना तो मॉडेलशी ताडून बघायचा. धनराज सरांचे म्हणणे असे की लोक नकाशा वाचत नाहीत, लोक मॉडेल बघतात, म्हणून बांधकाम मॉडेलसारखे दिसले पाहिजे. ऐकायला किती प्रामाणिक वाटते! हिवरगव्हाणचा पक्का नकाशा आरोही नावाची मुलगी काढत होती. ती संगणकावरून उठून माझ्यापाशी आली, वाकून बघितले आणि गोंधळली.

"हर्षल, कच्च्या प्लॅनमध्ये इथे मुलींची चेंजिंग रूम आहे. मॉडेलमध्ये गाड्या आहेत. काय ठेवू?"

हर्षल फोनवर कुणा ठेकेदाराशी बोलत होता. त्याने फोन कानापासून जरासा लांब धरला आणि मान न वळवताच सांगितले, "मॉडेलप्रमाणे."

झाले. मान वळवण्याचा एवढासा आळस, आणि एका गावातल्या मुलींची खोली पुसली गेली. आरोहीनेही पुन्हा विचारले नाही. तिला जेवायला जायचे होते. दुष्ट माणसांची चीड येते, ती परवडते. या धड दुष्टही नसलेल्या माणसांची मात्र मला किळस येते.

संकुल बांधून झाले. उद्घाटनाला मला पुन्हा हिवरगव्हाणला नेले आणि मैदानाच्या कडेला, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, हार घालून ठेवले. समोर पाहिले तर निळ्या खोलीच्या जागी पेव्हर ब्लॉकची चकचकीत फरशी, वर शेड आणि तिच्याखाली दोन मोठ्या गाड्या. त्यातली एक धनराज सरांची. ड्रायव्हर आतच एसी लावून घोरत होता.

कार्यक्रमात मुलींचा खो-खोचा सामना होता. सृष्टी कप्तान होती. पाठीवर पिशवी अडकवून ती आणि तिच्या मैत्रिणी आल्या आणि खोली शोधत सभागृहाला फेरी मारून परत आल्या. सुमनबाई तडक हर्षलकडे गेल्या.

"साहेब, पोरींची खोली कुठं हाय?"

हर्षल वळला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवले.

"मावशी, मॉडेलमध्येच नाहीये बघा. इथे पार्किंगच होतं. जे दाखवलं तेच केलंय आम्ही."

"हुती. ह्या बोटानं मी हात लावला हुता तिला."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय."

मित्रांनो, खोट्याचा साक्षीदार म्हणून मला उभे केले आणि मला ओरडताही येईना. सुमनबाईंनी सरपंच पुंजारामभाऊंना विचारले. त्यांनी डोके खाजवले. "असंल बाई, नसंल बी. मी तलाव बघत हुतो." तो तलावही झालेला नव्हता, पण त्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हते.

माइकवरून पुकारा झाला, "मुलींचे संघ मैदानात यावेत!" हर्षल घाईने म्हणाला, "आजच्या दिवस गाड्यांच्या मागे बदला ना कपडे. कोण बघतंय?"

सृष्टीने मान हलवली. "मी नाय बदलणार तिथं." मग ती आईकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. "आई, आज जर मी बदलले ना, तर हे म्हणतील चालतंय की. मंग खोली कधीच नाय व्हायची."

शाळेच्या ड्रेसवरच, ओढण्या खांद्याला पिनांनी घट्ट लावून, मुली मैदानात गेल्या. एक सोडून एक उलट तोंड करून दोन खांबांमधल्या रांगेत बसल्या, खो-खोत बसतात तशाच. सृष्टी एकटी खांबाजवळ उभी राहिली. समोरच्या संघाच्या मुली मैदानात उतरल्या. शिट्टी वाजली.

सृष्टी पळाली नाही. कुणीच उठले नाही.

पाहुण्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, सुरुवातीला काही प्रात्यक्षिक असेल. पंचांनी पुन्हा शिट्टी मारली. मग समोरच्या मुलींनी आपसात काही विचारले आणि त्याही जागच्या जागी खाली बसल्या. टाळ्या थांबल्या. धनराज सरांनी माइक हातात घेतला. "मुलींनो, तुमची मागणी आम्ही पुढच्या टप्प्यात नक्की..."

"पुढचा टप्पा म्हंजी कधी, सर?" सृष्टीने मैदानातून विचारले.

सरांनी माइक शेजारच्या पाहुण्याकडे सरकवला. तेवढ्यात सुमनबाई शेडकडे चालत गेल्या आणि त्यांनी सरांच्या गाडीच्या काचेवर टकटक केले. ड्रायव्हर डोळे चोळत उठला.

"दादा, गाडी काढा. पोरींची खोली हाय ही."

त्यांच्यामागे पॅकिंगच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. पुंजारामभाऊ व्यासपीठावरून खाली उतरले. बायकांना आवरायला निघाले असावेत, पण मध्येच थांबले. त्यांचीही नात त्या रांगेत उकिडवी बसली होती. मैदानाच्या रेषा मारायला आणलेल्या फक्कीची बादली त्यांनी उचलली आणि म्हणाले, "काढा रे गाड्या." गाड्या निघाल्या. त्या चकचकीत फरशीवर सरपंचांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या फक्कीने खोलीची आखणी केली. दार कुठे असावे, ते सुमनबाईंनी सांगितले. मग मुली उठल्या. तोवर पाहुणे निघून गेले होते. सामना काही झाला नाही.

ती खोली पुढे गावाने बांधली. फरशी उखडली, विटा रचल्या, बायकांनी घमेली वाहिली. कंपनीतून कुणी फिरकले नाही. पण खोली उभी राहिल्यावर हर्षल जाऊन तिचा फोटो काढून आला, आणि आता तो फोटो धनराज सरांच्या केबिनमध्ये चौकटीत लावला आहे. खाली लिहिले आहे, "लोकसहभागातून आमचे काम." तो बघायला येणारे सरांचा हात हातात घेऊन अभिनंदन करतात. मला मात्र अपशकुनी म्हणून या बोळात टाकले आणि माझ्यापेक्षा मोठे, दिवे लागणारे नवे मॉडेल आणले. बोळातून बाहेरचे सगळे ऐकू येते. परवाच कुठल्याशा गावची मंडळी ते बघायला आली होती आणि दिवे लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सृष्टी आता दहावीत आहे आणि रोज संध्याकाळी खेळते. मित्रांनो, तुमच्याही गावात कधी तरी असे मॉडेल येईल. त्याच्या दिव्यांना भुलू नका. बांधणाऱ्यांना विचारा की आमच्या मुली कपडे कुठे बदलणार, आणि ती जागा प्रत्यक्ष जमिनीवर दाखवायला लावा. ते म्हणतील, पुढच्या टप्प्यात. तेव्हा तुम्ही जागचे उठू नका.