रिंगेवरचा सफेदा

काशिरामच्या बोटांतून ती रबरी रिंग साबणाच्या वडीसारखी सटकली आणि बाकड्याखाली गेली. होती ती सकाळी काढून टाकलेली जुनीच रिंग, त्याच्या बोटांचा सफेदा लागलेली. पण ती सटकली तशी त्याला सकाळची चूक आठवली.

"काय करून बसलो रं देवा!"

घाटातून उतारू नेणाऱ्या दाजीच्या मोटारीचा पाण्याचा पंप सकाळी त्यानंच बसवला होता. नळीच्या तोंडाशी रिंग घालायची ती कोरडी, पुसलेल्या खाचेत. फार तर पाण्याचं बोट लावून. जोड बुजवायची पांढरी लुगदी, सफेदा, तिला मुळीच लावायचा नाही. त्या तेलकटावर रिंग घसरते, आणि इंजिन तापून दाब चढला की खाचेबाहेर येते. पनवेलच्या आपल्या गॅरेजात हे त्यानं बाकीच्यांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि आज? आज त्या मोटारीत त्याची बायको बसणार होती. लोणावळ्याला लेक बाळंत झालेली, गुणाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघालेली. आपलं माणूस घाट चढणार म्हणून या शहाण्यानं जास्तीची काळजी घेतली आणि रिंगेवर बोटभर सफेदा थापला! मायेपायी अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

मोटार केव्हाच गेली होती. घाटात पाणी गेलं की इंजिन जाम होणार, आणि भरली मोटार उतारावर मागं... पुढचं त्याच्या मनातही आणवेना. नवी रिंग खिशात टाकून तो रस्त्यावर धावला. घाटाकडं जाणारी मिठाची लॉरी येत होती, तिच्यापुढं तो हात पसरून उभाच राहिला. ड्रायव्हरनं शिव्या घालतच त्याला वर घेतलं. वाटभर तो एकवीरेला आळवत होता. पुढं रस्त्यात काही आडवं दिसलं की डोळे गच्च मिटायचा.

घाटाआधी मोटारी खोपोलीत पाणी भरायला थांबत. दाजीची मोटार तिथं धडधाकट उभी दिसली आणि त्याला रडूच फुटलं.

"दाजी, गाडी सोडू नको! रिंग चुकीची बसवलीय मी!"

"येडा झाला का? थेंब गळत नाय."

"इथं नाय गळायची. घाटात गळंल. पाया पडतो तुज्या."

इंजिन निवल्यावर त्यानं पंप उघडला. रिंग अर्धी खाचेबाहेर आलेली, चेपून कागदासारखी झालेली. दाजीचं तोंड उतरलं. काशिरामनं सदऱ्याच्या टोकानं खाच पुसपुसून काढली, खिशातली नवी रिंग पाण्यात बुडवून बसवायला घेतली. घाईत ती मातीत पडली. धुऊन पुन्हा घातली.

"बसा आता," दाजी म्हणाला.

कुणी हललं नाही. "ज्यानं बिघडवलं त्याच्याच हातची दुरुस्ती?" एक टोपीवाले गृहस्थ म्हणाले. "नको बाबा, आम्ही दुसरी गाडी बघतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

तो बायकोपाशी गेला. "तू बी थांब. मागनं दुसरी येल."

"नीट बसवली ना?"

"बसवली. पन माजाच माज्यावर भरवसा नाय आता."

गुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "लपवलं असतं तर कोन इचारायला आला होता तुमाला?" ती म्हणाली. "चला, तुमी बी बसा. लेक वाट बघते."

ती चढली आणि इंजिनाजवळच्या पहिल्या बाकावर बसली. काशिराम तिच्या शेजारी टेकला. दाजीनं मोटार सुरू केली. बाहेर सगळे उतारू उभे राहून बघत होते. गुणाबाईनं काशिरामचे तेलकट हात सगळ्यांदेखत आपल्या हातांत धरून ठेवले.